दाराचं माप

फोनवर सांगितलेल्या मापावर मी ब्लाउज शिवत नाही. पुंडलिकनगरात इतकी वर्षं शिलाई करतेय, हे एक पथ्य कधी मोडलं नाही. मग हॉटेलवाल्यांच्या तोंडी मापावर विश्वास ठेवायची अवदसा कुठून आठवली, कोण जाणे.

झालं असं, की लासूर स्टेशनला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची चाळिशी आली होती. तिला एकदा झक्कास ठिकाणी न्यायचं, मंद दिवे, गाणी, थंडगार बिअर, असं मी मनाशी धरलं. मला लहानपणी पोलिओ झाला, मी चाकाच्या खुर्चीवर. शाळा, लग्नकार्य, दवाखाना, सगळीकडं हिनं मला पाठीवर वाहून नेलं. आता तिच्या मणक्याचं दुखणं निघालंय. डॉक्टरनं बजावलं, ओझं उचलायचं नाही. तर ही त्यालाच म्हणते, "अक्का काय ओझं हाय व्हय?" म्हणजे जागा चुकली, तर ही मला उचलणार आणि वाढदिवसालाच पाठ धरून बसणार. मला त्याचाच घोर लागला होता.

दुसरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, तिलासुद्धा नाही. बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. घरी बाथरूमच्या भिंतीतला दांडा धरून माझं मी उरकते, बाहेर कुठला दांडा? खुर्ची बाथरूमच्या दारातच अडकते. कुणी पाणी पुढं केलं की तहान नाही म्हणायचं. लग्नातल्या मठ्ठ्याकडं नुसतं बघत मी जन्म काढलाय.

पहिल्या ठिकाणी फोनवर म्हणाले, "लिफ्ट आहे मॅडम." रिक्षात खुर्ची घालून गेले, तर लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या. मॅनेजर हसून म्हणाला, "टेन्शन कायकू लेते मॅडम, चार जण उचलून नेतील."

"मी काय गॅसची टाकी आहे का?" म्हटलं आणि परतले.

दुसरीकडं उतार होता खरा, पण मागच्या अंगाला, बिअरचे खोके चढवायला केलेला. चढ इतका उभा, की रिक्षावाले भाऊ खुर्ची ढकलायला लागले आणि अर्ध्यात थांबले. दोघं कपाळाचा घाम पुसत खाली आलो.

तिसरं जालना रोडवर. दार रस्त्याच्या पातळीला, आत फरशी सपाट, टेबलांखाली गुडघे जातील एवढी जागा. मी पिशवीतून टेप काढला. मॅनेजरनं निमूट दुसरं टोक धरलं. माझी खुर्ची चोवीस इंच, बाथरूमचं दार एकतीस. आत दांडाही होता, फक्त त्याच्यासमोर मोडक्या खुर्च्यांचा ढीग आणि पोछ्याच्या बादल्या.

"इकडं कुणी येतच नाही ना मॅडम," तो म्हणाला.

"यायला जागा ठेवली का?" बिचारा ओशाळला. शनिवारी सगळं रिकामं असेल म्हणाला. तेही तोंडीच, त्यामुळं शनिवारपर्यंत माझा जीव टांगणीला.

शनिवारी बहीण काठाची साडी नेसून आली, ब्लाउज मी शिवलेला. हॉटेलच्या दाराशी तिनं सवयीनं पदर खोचला आणि माझ्यापुढं पाठ वाकवली.

"पदर सोड आधी," म्हटलं आणि चाकं फिरवून आत गेले. ती मागं वळून पायऱ्या शोधत होती.

बिअर आली, कबाब आले. मी अख्खा ग्लास रिचवला. ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "आता गं?"

"तू बस. हलायचं नाही."

बाथरूमचं दार ढकललं. आत एक बादलीसुद्धा नव्हती. फरशी कोरडी, दांडा पक्का. मी निवांत उरकलं, हात धुतले, उगाच केसही सारखे केले. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

परत आले तर प्लेट साफ. कबाबाचा तुकडा नाही, कांदा नाही, आणि बाईंच्या ओठाला हिरवी चटणी.

"गरम होते गं," ती वरमून म्हणाली. मग ओठ पुसत, "तू कोरड्या तोंडानं बसायचीस, मग माझ्या गळ्याखाली काय उतरणार? आज तू पिलीस, तर लई भूक लागली."

तिला माहीत होतं. मी लपवतेय असं मला वाटत होतं आणि ही प्रत्येक पंगतीत माझ्याशेजारी अर्धपोटी बसत होती. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

वेटरला बोलावून कबाबाची आणखी एक प्लेट सांगितली आणि माझ्यासाठी दुसरा ग्लास.

"परत जावं लागंल तुला," बहीण म्हणाली.

"जाईन की," म्हटलं.