मी सांगेपर्यंत सोडायचं नाही

आमच्या सिस्टरच्या तोंडाचा पट्टा सकाळी वजनकाट्यापाशी सुरू होतो.

“कंडक्टरकाका, पाणी प्यालात की टाकीत पडलात?”

मी म्हणतो, उन्हाळा आहे. ती म्हणते, उन्हाळा मलाही आहे. मग ती मला चपला काढायला लावते, खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला लावते, आणि काटा तरीही माझी लाज काढतोच. किडन्या बंद पडल्या की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. ते पाणी आणि रक्तातली घाण काढायला आम्ही आठवड्यातून तीनदा या हॉस्पिटलात येतो आणि डायलिसिसच्या मशीनला लागतो. रक्त एका नळीतून बाहेर जातं, मशीनमध्ये साफ होतं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. हे ज्याला ऐकवत नसेल त्याने आमच्या खाण्यापिण्याचे नियम तर मुळीच ऐकू नयेत.

मी जन्मभर बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणून ओरडलो. एक माणूस कधी आपणहून पुढे सरकला नाही. त्यामुळे सिस्टरचं दुखणं मला इथल्या डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. ती कानीकपाळी ओरडते आणि आम्ही ऐकत नाही. समोरच्या खुर्चीतल्या आजी सुनेची पाठ वळली की आम्हाला बंदी असलेली केळी खातात. कोपऱ्यातला ट्रकड्रायव्हर कामाचं निमित्त सांगून पाळी बुडवतो आणि मग धापा टाकत येतो. मी पाणी पितो. आम्हा सगळ्यांत तिचं अक्षरशः ऐकणारा माणूस एकच होता, आणि नेमकं त्याचंच वाटोळं झालं. हे सांगताना मला राग येणार आहे. येऊ दे.

ही बाई मुळात बाळंतिणींच्या वॉर्डातली. तिथे एकेक बाई यायची आणि दोघं होऊन घरी जायची, असं ती सांगते. इकडे एक जागा रिकामी झाली म्हणून तिला तात्पुरतं पाठवलं. तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती. आता मुलगी नोकरीला लागली आणि आई अजून तात्पुरतीच आहे. इथून कोणी बरा होऊन जात नाही, आज सुटला तो परवा पुन्हा दारात असतो, आणि आला नाही तर त्याचं कारण विचारायचं नसतं. घरीसुद्धा ती नवऱ्याला अर्ध्या कपाच्या वर चहा ओतत नाही. तो एकदा तिला न्यायला आला होता तेव्हा हळूच मला म्हणाला, “काका, माझ्या किडन्या धडधाकट आहेत, हे तुम्ही तरी हिला सांगा.”

आता हाताचं सांगतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या एका हातात ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेली असते. तिला फिस्टुला म्हणतात. तिथे रक्त इतक्या जोरात धावतं की वरून बोट ठेवलं तरी आतली गुरगुर कळते. सुया तिथेच टोचायच्या. सिस्टर सुई उचलण्याआधी तिथे दोन बोटं ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, “बोलतोय.” हात बोलतोय म्हणजे सगळं ठीक. त्या हाताला घड्याळ नको, जड पिशवी नको, त्या कुशीवर झोपायचं नाही. रक्त अडलं तर आत गोठतं आणि हात मुका होतो. मग गळ्यातून नळी घालावी लागते. ती नळी थेट मोठ्या शिरेत जाते, आणि तिच्यातून जंतू गेले तर माणूस हातचा जातो.

तिचं ऐकणारा तो एकटा माणूस म्हणजे आमचे मास्तर. धंद्याने शिंपी. शाळेचे गणवेश शिवायचे. त्यांच्या डाव्या मनगटातला फिस्टुला पूर्वीच बंद पडला होता, म्हणून त्याच हाताला कोपराच्या वर दुसरा केला होता. डाव्या हातात तिसऱ्याला जागा नव्हती. आणि उजव्या हाताने ते कात्री चालवायचे.

सुया काढल्यावर टोचल्या जागी बोळा ठेवून थोडा वेळ दाबून धरावं लागतं. एकदा मास्तरांनी घाईने हात काढला आणि रक्ताची चिळकांडी थेट भिंतीवर उडाली. सिस्टरने त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. “मास्तर, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. हा काही शिवणीचा दोरा नाही, तुटला की परत ओवला.” तेव्हापासून मास्तर तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. तिने ‘सोडा’ म्हटल्याशिवाय बोट हलवायचे नाहीत. ती ऊठसूट आम्हाला त्यांचा दाखला द्यायची, आणि मी मनातल्या मनात मास्तरांना शिव्या द्यायचो.

त्या दिवशी दोन सिस्टर कमी होत्या. एक रजेवर, आणि दुसरीला वरच्या मजल्यावर ओढून नेलं होतं, कारण तिथे कोणीतरी बडं माणूस भरती झालं होतं. उरली ही एकटी आणि मशीन सांभाळणारा टेक्निशियन. तिने मास्तरांच्या सुया काढल्या, बोळे ठेवले, ते दाबून राहावेत म्हणून वरून काही मिनिटांपुरता पट्टा आवळला आणि “मी सांगेपर्यंत...” एवढं म्हणतेय तोच समोर आजींचे डोळे फिरले. रक्तदाब एकदम खाली गेला होता. ती धावली. आजींचे पाय वर घेतले, सलाईन सोडलं, गालावर थापट्या मारत हाका मारत राहिली. तेवढ्यात वॉर्डबॉय आला. पुढच्या पाळीचे पेशंट दारात ताटकळत होते. “चला मास्तर, खुर्ची सोडा.” मास्तर उठले. दारापाशी जरा थांबले, सिस्टरच्या पाठीकडे बघत. मला वाटलं निरोप घ्यायला थांबलेत. मग गेले.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी नव्हती. पण पुतण्याकडे जाऊन मी कलिंगडावर ताव मारला होता आणि सकाळी मला दम लागला, म्हणून जादा पाळीला आलो. काट्यापाशी सिस्टर माझी हजामत करत होती. तेवढ्यात मास्तर आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, आत आले. सदऱ्याची बाही वर दुमडलेली, आणि दंडावर पट्टा, कालचाच. बोटं सुजून निळसर पडली होती.

“सिस्टर,” मास्तर म्हणाले, “आता सोडू का?”

मग वहिनींनाच राहवलं नाही. “मी काल किती वेळा म्हटलं, काढा ते. ऐकतील तर शपथ. सिस्टरने सांगितलं नाही म्हणे. शेवटी इथे फोन लावला, तर कोणी उचलेना.”

संध्याकाळी आमचा विभाग बंद असतो. फोन बिचारा रिकाम्या खोलीत वाजला असणार.

सिस्टरने पट्टा सोडला. दोन बोटं ठेवली, डोळे मिटले. बोटं जरा वर सरकवली, मग खाली. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

“बोलतोय ना?” मास्तरांनी विचारलं.

ती सरळ फोनकडे गेली. तिचं सगळं बोलणं मला काट्यापाशी ऐकू येत होतं. किडनीचे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात होते, म्हणाले सर्जनना विचारा. सर्जनच्या हाताखालच्या माणसाने सांगितलं, आजची यादी भरली आहे, उद्या सकाळी ओपीडीत पाठवा. “उद्या उपयोग नाही,” सिस्टर म्हणाली. “आत गाठ झालीय. आज काढली तर कदाचित हात वाचेल.” पलीकडून पुन्हा ओपीडीच. तिने फोन ठेवला, मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि आम्हाला टेक्निशियनच्या हवाली करून वर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन बसली.

दुपारी आली ती एकटी. “बसवून आलेय त्यांना. बघतो म्हणालेत.”

‘बघतो’ हा शब्द मी डेपोतल्या साहेबांच्या तोंडून उभा जन्म ऐकला आहे. त्यात काडीचा अर्थ नसतो. मास्तर संध्याकाळपर्यंत त्या दाराशी बसले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सर्जननी दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, “उशीर झाला. काल आणायला हवं होतं.” हे मला वहिनींनी सांगितलं. सिस्टर म्हणाली, “सर, काल आणलं होतं.” तोवर ते पुढच्या पेशंटकडे वळले होते.

मग चौकशी झाली. सिस्टरला वर बोलावून विचारलं, पेशंट पट्ट्यासकट घरी गेलाच कसा? दोन सिस्टर कमी का होत्या, हे कोणी कोणाला विचारलं नाही. ती खाली आली आणि हात धुवायला बेसिनपाशी गेली. हात धुऊन झाले तरी नळ चालूच. टेक्निशियनने जाऊन तो बंद केला. “मी ‘सोडा’ म्हणायला विसरले,” ती त्याला म्हणाली. “एवढा एकच शब्द.” मला इतका संताप आला की माझाच रक्तदाब चढला आणि मशीन किंचाळायला लागलं.

पुढच्या पाळीला मास्तर गळ्यात नळी घेऊन आले. सिस्टर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली. ती बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

“मास्तर, ही नळी फार दिवस ठेवायची नसते. उजव्या हातात नवा फिस्टुला करून घेऊ. मी स्वतः येईन तुमच्याबरोबर, शेवटपर्यंत थांबेन.”

“मग कात्री?”

“हलकं काम चालेल. जोर द्यायचा नाही.”

“गणवेशाचं कापड जाड असतं, सिस्टर. आणि एकावर एक घड्या घालून कापावं लागतं.”

“या नळीने जिवावर बेतेल, मास्तर.”

“माहीत आहे.” मास्तरांनी उजवा हात उचलून मांडीवर घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसे ते बोलले. “तो हात तुम्ही सांगितलंत तसा सांभाळला. हा राहू द्या मला.”

सिस्टर त्या हाताकडे बघत राहिली. मग ती उठली, तोंडाला मास्क लावला, त्यांनाही लावला, हातमोजे चढवले. नळीचं टोपण उघडताना पेशंटचा श्वास नळीच्या तोंडावर पडू नये म्हणून तोंड फिरवायला सांगतात.

“मास्तर, मान तिकडे करा.”

मास्तरांनी लगेच केली.