जुनं नाव, नवं नाव

माझ्या बायकोचं नाव मी दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा तिला विचारलं नाही.

पहिल्यांदा लग्नात. आमच्याकडे नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मी हिराची अश्विनी केली. रेशनकार्डावर अश्विनी, मतदार यादीत अश्विनी. आमच्या पूर्णा गावात बारा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात इंग्लंडातल्या मेहुणीचं बाळंतपण आलं. पहिलंच, आणि आई हयात नाही. मोठ्या बहिणीनं जायलाच हवं होतं. पासपोर्टसाठी ट्रंकेतून शाळेचा दाखला काढला, तर त्यावर हिरा!

मेहुणी फोनवर म्हणाली, "भावजी, इथं सोपं हाय. साक्षीदारापुढं कागदावर सही केली का नाव बदललं."

"आणि लग्नानंतर?"

"वाटलं तर आडनाव बदलायचं. लग्नात पहिलं नावपण बदलतात सांगितलं, तर शेजारीण विचारते, तुझ्या बहिणीनं काय गुन्हा केलेला?"

(गुन्हा अजून व्हायचा होता, आणि तो मी करणार होतो!)

आपल्याकडे प्रतिज्ञापत्र, सरकारी राजपत्रात नाव छापायचा अर्ज आणि सतरा सह्या. बायको म्हणाली, "वकिलाला द्या. तुम्हाला न्हाय जमायचं."

"मला? अख्ख्या गावाच्या गोडाऊनचे करार मी भरतो!"

फॉर्मवर दोन रकाने होते: जुनं नाव, नवं नाव. मी नीट विचार केला. अश्विनी बारा वर्षं हाका मारून जुनी झालेली. हिरा परवाच ट्रंकेतून निघालेली. मग जुन्यात अश्विनी, नव्यात हिरा! पुढे दाखल्यावरचंच बापाचं नाव आणि बापाचं आडनाव. बायकोला म्हटलं, "इथं सही कर, वाचत बसू नको."

राजपत्र छापून आलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"अहो, मी परत हिरा झाले! बाबांचं नावपण हाय हो यात." तिच्या डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, "चुकलंच! उद्याच दुरुस्तीचा अर्ज करतो."

"करूनच बघा!"

दाखला आणि राजपत्र बरोब्बर जुळलं. पासपोर्ट आला, व्हिसा आला, आणि बाळाच्या आधी आठ दिवस हिरा तिकडे पोचली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

पण गावातले नवरे निदान भांडून तरी बायकोला माहेरी पाठवतात. मी न भांडता, स्वतःच्या हस्ताक्षरात, तीन प्रती जोडून, सरकारी शिक्क्यानिशी माहेरच्या नावावर कायमची पाठवली!