चिक्कतायम्माने पार वाचवला

केरेकोडीत चौथ्या क्रॉसच्या गल्लीत पिंपळ आणि कडुलिंब एकाच खड्ड्यात वाढलेत. त्यांचं रीतसर लग्नही लागलेलं आहे, आणि त्या जोडप्याच्या पायाशी दगडी पार आहे. त्या पाराच्या उगवतीच्या कोपऱ्यावर चिक्कतायम्मा एक्कावन्न वर्षं फुलं विकत बसली. बेंगळुरूत एवढी वर्षं एका जागी बसणं काही खायचं काम नाही. पण ती बसली. ऊन, धूळ, दोन दंगली, नवऱ्याचं मरण, सगळं तिथे बसूनच काढलं.

मार्चमधल्या एका सोमवारी ती टोपली घेऊन आली आणि रोजच्यासारखी टेकली. उठली तेव्हा लुगडं मागून तांबडं झालेलं. कोणीतरी तिच्या जागेवर तांबड्या रंगाने काहीतरी लिहून ठेवलं होतं आणि रंग अजून ओला होता.

"शिवनंजा, अरे काय लिहिलंय बघ जरा," तिने पाराशी रिक्षा लावून दात घासत बसलेल्या शिवनंजाला हाक मारली.

"बाण काढलाय अज्जी. आणि चौदा."

"चौदा म्हणजे?"

"मला काय ठाऊक! माझ्या रिक्षावर नाही ना काढला, मग झालं."

तायम्माने पदराने पुसून पाहिलं. रंग पसरला, गेला नाही.

मागडीकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन इथे आली तेव्हा सतरा वर्षांची होती. सासूने तिसऱ्या दिवशी हातात टोपली दिली आणि मोळ मोजायला शिकवलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. पुढे सासू गेली, नवऱ्याची गिरणी बंद पडली, तो दारू पिऊन मेला. मुलगा होसूरला बायकोच्या गावी राहतो, उगादीच्या सणाला फोन करतो. तिच्याजवळ राहिली ती टोपली आणि पाराचा कोपरा. टोपली कुठेही नेता येते हो, पण गिऱ्हाईक टोपलीकडे येत नाही, जागेकडे येतं. सोमवारी पिंपळाला फेरे घालायला येणाऱ्या बायका तिच्याच समोरून जात. लग्नाला मोगरा, मढ्याला शेवंती, सगळं इथूनच.

आणि पार तरी काय एकट्या तिचा होता? सकाळी पेन्शनवाले म्हातारे पेपर वाचत भांडत. दुपारी रिक्षावाले डबा खाऊन आडवे होत. शाळा सुटल्यावर आया पोरांची वाट बघत. कोण कुठल्या जातीचं, कोणी कधी विचारलं नाही. झाडाखाली सात नागाचे दगड होते, ते आपले हळदीकुंकू लावून घेत गप्प बसत.

सकाळी साडेसहाला येई मुनियम्मा. महापालिकेची झाडूवाली. अख्खी गल्ली झाडून झाली की कोपऱ्यावरच्या हॉटेलातून एक कॉफी आणायची आणि दोन पेल्यांत करून दोघींनी प्यायची, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. नवरा जिवंत असताना तायम्माला म्हणाला होता, तिच्याबरोबर पितेस लाज नाही वाटत? तायम्मा म्हणाली होती, तुझ्याबरोबर जेवते ना, मग हिच्याबरोबर प्यायला कसली लाज!

त्या सोमवारी मुनियम्माने खूण पाहिली आणि पेला तसाच हातात धरला.

"अक्का, ही खूण वाईट आहे."

"तुला वाचता येतं का?"

"वाचायला कशाला हवं? मी रस्ते झाडते. तिसऱ्या क्रॉसच्या विहिरीवर अशीच आली होती, दसऱ्यापर्यंत विहीर नाही. शाळेच्या पटांगणाच्या भिंतीवर आली, आता तिथे काय आहे? सिमेंटची पोती. आधी खूण येते. मग मीटिंग येते. मग मशीन येतं."

"गप बस. सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस."

पण मीटिंग आली. पुढच्याच रविवारी, सरकारी शाळेच्या हॉलमध्ये. इंजिनिअरने भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं. त्यात रस्ता रुंद होता, फुटपाथ गुळगुळीत होता, आणि हातात हात घालून फिरणारी गोरीगोमटी माणसं होती. पार कुठे दिसेना. "तुमची मतं मोकळेपणाने मांडा," इंजिनिअर म्हणाला. माणूस फार गोड बोलत होता. तायम्माला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटली.

मतं काय, भराभर आली. एकजण म्हणाला, "गाडी घेतलीय, ती काय डोक्यावर ठेवू? पार्किंग द्या." नव्या अपार्टमेंटातली बाई म्हणाली, "चालायला ट्रॅक हवा." तिसरी म्हणाली, "पारावर रिकामटेकडे बसतात, येताजाता बघतात, मुलींना त्रास होतो." एका म्हाताऱ्याला पिंपळाचा पाला गच्चीवर पडतो याचा राग होता. पार पाडा असं एकही माणूस म्हणाला नाही, देवाशपथ! प्रत्येकाला ती जागा हवी होती, फक्त तिथे पाराऐवजी आपलं काहीतरी हवं होतं. मुनियम्मा मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी मत विचारलं नाही.

तायम्मा उठली. "सार, तिथे सात नाग आहेत. त्यांचं काय करणार?"

"काळजी करू नका अज्जी," इंजिनिअर हसून म्हणाला. "तळ्याच्या मागे जागा केली आहे. सगळे दगड आम्ही तिथेच नेतो."

सगळे! म्हणजे आधीही नेलेत. तायम्मा खाली बसली.

चार दिवस तिने याचाच विचार केला. पाचव्या दिवशी ती पारासमोरच्या रेवण्णाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. रेवण्णा वजनदार माणूस. वॉर्डातल्या पुढाऱ्यांत ऊठबस, गणेशोत्सवाचा प्रमुख.

"अण्णा, पारावर गणपती बसवा. होम करा, भटजी आणा, घंटा बांधा. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की मशीन लावायची कोणाची छाती होते, तेच बघू."

रेवण्णाने मान वर केली आणि काचेतून पाराकडे पाहिलं. दुकान काढून त्याला अठरा वर्षं झाली होती, पण पार त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असावा.

"अज्जी," तो म्हणाला, "तुमचं डोकं नुसतं फुलं ओवण्यात वाया गेलं."

तायम्मा खुशीत परतली. मुनियम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "नाग आहेत की तिथे. ते देव नाहीत का?"

"आहेत गं बाई. पण उघड्यावरच्या देवाला साहेब भीत नाही."

"आणि माणसं?"

"माणसांचं काय?"

"काही नाही अक्का. तुला बरं वाटतंय ना, मग बसव."

वैशाखातल्या एका गुरुवारी गणपती बसला. काळा दगड, हातभर उंच, चांदीचे डोळे. सनई, होमाचा धूर, पाचशे पानांचं जेवण. इंजिनिअर आला, त्याने बूट काढले, नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात कोणीतरी येऊन तांबडी खूण घासून काढली आणि रस्ता पाराला वळसा घालून जाणार असं ठरलं. रेवण्णाने माइकवरून सांगितलं, "ही आपल्या अज्जींची कल्पना!" आणि तिच्या खांद्यावर शाल घातली. तायम्मा ढसाढसा रडली. शिवनंजाने शिट्टी मारली. मुनियम्मा खरकटी पानं गोळा करत होती, तिनेही लांबून हात वर केला.

मग देवळाची समिती आली.

आधी फरशी घातली, कारण दगडी पार ओबडधोबड, म्हातारी माणसं पडतील. फरशी थेट बुंध्यापर्यंत नेली, बोटभर मातीसुद्धा मोकळी ठेवली नाही, कारण मातीत घाण साचते. देवळाचं शिखर बांधायला कडुलिंबाची मोठी फांदी आड येत होती, ती कापली. कापताना तायम्मा तिथेच बसली होती. मग चपला बाहेर, कारण देऊळ आहे. मग पेपर वाचायचा नाही, कारण म्हातारे मोठ्याने भांडतात. मग रिक्षा हटवा, कारण भाविकांना वाट नाही. शिवनंजा जाताना म्हणाला, "अज्जी, तुमच्या गणपतीने मला बरोबर गल्लीबाहेर काढलं हं." तो हसत म्हणाला, पण पुन्हा तिच्याशी बोलला नाही. मग पाराभोवती जाळी. मग वेळा, सहा ते दहा, पाच ते आठ. सात नागांना मागच्या कोपऱ्यात पाण्याच्या मोटरशेजारी सरकवलं, आणि पारामागे समितीची तीन दुकानं उभी राहिली. तिन्हींच्या किल्ल्या रेवण्णाकडे.

प्रत्येक वेळी रेवण्णा येऊन विचारी, "बरोबर आहे ना अज्जी?" आणि प्रत्येक वेळी ती मान डोलवी. कारण एकेक गोष्ट धरली तर बरोबरच होती! चूक कुठे झाली ते तिला बोट ठेवून दाखवता येईना. आषाढात पिंपळ पिवळा पडायला लागला. ऋतू नसताना पानं गळायची, आणि पुजारी म्हणायचा, उष्णता आहे.

तायम्माला मात्र जाळीच्या आत, दाराशेजारी ग्रॅनाइटचा कट्टा मिळाला. "तुमची जागा समितीने राखून ठेवलीय," रेवण्णा चारचौघांत सांगे. धंदा दुप्पट झाला. तिला झोप लागत नव्हती ही गोष्ट वेगळी.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला देऊळ बंद करताना रेवण्णा तिच्याजवळ उकिडवा बसला.

"अज्जी, एक छोटंसं काम आहे. ती झाडूवाली सकाळी येऊन आत पायरीवर बसते. कॉफी पिते. उद्यापासून गर्दी असणार. लोक कुरकुरतात."

"ती पाय धुऊन येते अण्णा. हा अख्खा रस्ता तीच झाडते."

"म्हणून तर म्हणतो, बाहेरून झाडू दे की. आम्ही सांगितलं तर उद्या कोणी भलतंच नाव देईल, पेपरात छापून आणेल. तुमची मैत्रीण आहे. तुम्हीच सांगा."

"माझ्याने नाही होणार."

"बरं," रेवण्णा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "मागच्या दुकानातला शेवंतीवाला ही दाराची जागा केव्हाची मागतोय. मीच त्याला थोपवून धरलंय. बघा, विचार करा."

आवाज अजिबात चढवला नाही मेल्याने. तायम्मा फुलांवर पाणी मारत राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले. नवीन जागा शोधायची तर कुठे? दुसऱ्या क्रॉसला तिला कोण ओळखतं?

सकाळी मुनियम्मा आली. झाडू भिंतीला टेकवला, नळावर पाय धुतले, दोन्ही पेले सांभाळत दाराशी आली. समोर रेवण्णा शटर वर करत होता. त्याने इकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मुनियम्मा, थांब," तायम्मा म्हणाली. "आत नको येऊस."

"का? धुतलेत की पाय."

"तसं नाही. आजपासून... तू बाहेरच बस. लोक नावं ठेवतात."

मुनियम्मा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "कोण लोक?"

रेवण्णाचं नाव तायम्माच्या ओठांवर आलं होतं. शटर खडखडत वर गेलं. "मीच सांगतेय," ती म्हणाली.

"तू सांगतेस." मुनियम्माचा आवाज फाटला. "अगं, ती तांबडी खूण होती तेव्हा आपण सगळे जाणार होतो. तू, मी, शिवनंजा, ते म्हातारे, सगळे एकाच दिवशी! मी मनाची तयारी केली होती. म्हटलं, अक्काला घेऊन मंडईच्या फाटकाशी बसवीन, तिथला मुकादम माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याशी बोलूनही ठेवलं होतं मी. तू कधी विचारलंस? तुला आपला पार वाचवायचा होता."

मुकादमाचं तायम्माला खरंच ठाऊक नव्हतं.

मुनियम्माने दोन्ही पेले गटारात ओतले, झाडू उचलला आणि जाळीबाहेरची पिवळी पानं झाडायला लागली. आत बघितलं नाही. झाडत झाडत ती वळणापलीकडे गेली.

तेवढ्यात अपार्टमेंटातली ती ट्रॅकवाली बाई चपला काढून आत आली. श्रावणातला पहिला सोमवार, हातात पूजेचं ताट.

"दोन मोळ मोगरा द्या अज्जी. आणि ती बाई काय ओरडत होती हो तुमच्यावर? तुमची कोणी आहे का?"

तायम्माने माळेचं टोक बोटाला धरलं आणि कोपरापर्यंत ओढलं. एक मोळ. मग दुसरा.

"छे हो," ती म्हणाली. "कोणी नाही. झाडूवाली आहे."