मागून थाप पडली की पळायचं

आमच्या ऑफिसात चहाला चौघं जमले की विषय मीच. मी रजेवर असलो तर लईच! बाकीचे मीठमसाला लावून सांगतात, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकावं.

शाळेपासून कॉलेजपर्यंत मी खो-खो खेळायचो. विद्यापीठाच्या टीमपर्यंत गेलो अन् गुडघा गेला. मग कॉम्प्युटरचा कोर्स करून औरंगपुऱ्यात, एका साडीच्या दुकानावरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो. सहा महिने प्रोबेशन. मालक मोहसीनभाई. त्यांची रीत अशी की माणूस ठेवायचा असला तर कायम केल्याचं लेटर देतात, नसला तर केबिनमध्ये बोलावून चहा पाजतात!

*

पहिला दिवस. मी खुर्चीत बसलेलो. मोहसीनभाईंनी मागून येऊन पाठीवर थाप मारली, "वेलकम!"

आता, खो-खोत मागून थाप पडली की उठून सुटायचं अन् थाप मारणाऱ्यानं आपल्या जागी बसायचं. दहा वर्षांची सवय. मी सुटलो तो थेट दारापाशी!

"अबे, कहाँ जा रहा?"

"पाणी प्यायला, भाई."

कूलर माझ्या टेबलाला खेटून होता.

*

हर्सूलला घरी आईनं विचारलं, "दिवसभर एसीत बसून करतोस काय?"

"दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढतो."

"अन् त्याचा पगार देतात? तुझी आत्या तर फुकट काढती!"

*

एकदा मोठं काम गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, सगळे टेन्शनमध्ये. मॅचआधी करतो तसा मी सगळ्यांकडून मान फिरवण्यापासून वॉर्मअप करून घेतला. काम वेळेत गेलं. पण आमच्या टीम लीड वैशाली मॅडम चार दिवस एकाच बाजूला बघत होत्या.

*

पाचव्या महिन्यात मात्र मी कहर केला. चितेगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरचा हिशोब आमच्या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात मी चुकीची फाईल टाकली. स्क्रीननं विचारलं, "जुना डेटा पुसायचा?" मी ओके. "नक्की?" परत ओके. कारखान्यातले सगळे नटबोल्ट गायब!

मॅडम ओरडल्या, "अरे, कॅन्सलचं बटण दिसलं नाही का?"

"दिसलं ना मॅडम. पण आमच्यात एकदा दिशा घेतली की मागं फिरणं फाऊल असतं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. बॅकअप होता म्हणून निभावलं. मी लाजेकाजेस्तव एक सोय करून दिली, कारखान्याचं नाव स्वतः टाईप केल्याबिगर डेटा पुसलाच जाणार नाही.

"हे कुणासाठी?" मॅडमनी विचारलं.

"माझ्यासारख्या येड्यासाठी."

*

सहा महिने भरले. मोहसीनभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मी बसलो तर समोर चहा आला. संपलं! खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मैदान सुटलं तेव्हा निदान गुडघ्याला दोष देता आला होता. आता आईला काय सांगू?

"चितेगाव के स्टोअरकीपर का फोन था," भाई म्हणाले. "उसने भी वोही बटन दबाया. लेकिन कारखाने का नाम टाईप करना पड़ा, तो होश में आया. चाय पी."

जाताना गोड बोलायचं म्हणून बोलतायत, असं मला वाटलं. मी कप खाली ठेवला. भाई उठले, फिरून माझ्या मागं आले. मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. काहीही होवो, आज उठायचं नाय.

पाठीवर थाप पडली.

"खो!"

वळून बघतो तर भाई माझ्या खुर्चीत बसायला वाकलेले. मी सुटलो! केबिन, जिना, साडीचं दुकान, पार रिक्षांच्या गर्दीत. तिथं थांबल्यावर कळलं, जायचं कुठं ते विचारलंच नाही.

वर पाहिलं. मोहसीनभाई खिडकीतून निम्मे बाहेर येऊन ओरडत होते, "अबे, लेटर तो लेके जा!"