ब्रेकच्या खुणा आढळल्या नाहीत

माझ्या पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण केशोरीच्या रस्त्यावरचा तो अपघात जसाच्या तसा आठवतो, कारण त्यात चूक माझीही होती.

धानाच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे, दिवस होते. चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर तसेच डांबरी रस्त्यावर येतात आणि लांबवर चिखल सांडत जातात. आमच्याकडे त्याचे कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. सकाळी एक बाई बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी करणाऱ्यांसाठी शिदोरीची टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होती. फुलचूरच्या एका दुकानदाराच्या जुन्या गाडीने तिला उडवले. ती जागीच गेली.

पंचनामा मीच केला. डांबरावर टायर घासल्याची काळी रेघ कुठेच नव्हती, म्हणून लिहिले, 'ब्रेकच्या खुणा आढळल्या नाहीत.' परिवहन निरीक्षकाचा अहवाल आला, ब्रेक उत्तम, पॅड नवे. म्हणजे गाडी चालवणाऱ्या या दुकानदाराने ब्रेक दाबलाच नाही, मोबाईलमध्ये डोके घालून बसला असेल, असे मी ठरवून टाकले. वर बाईच्या नवऱ्यालाही तेच सांगितले. तो शांत स्वभावाचा शेतकरी. त्याने ते खरे धरले.

दुकानदार मात्र एकच धरून बसला. "मी ब्रेक मारलो जी साहेब. पुरा पाय देलो. गाडी सरकतच गेली."

"मग खुणा कुठे आहेत?" मी टेबलावर हात आपटला.

तो पुन्हा तेच सांगायचा. खोटे बोलणारा दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. हा तीन दिवस शब्दही बदलत नव्हता. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. पण मला माझ्या पंचनाम्याचा भारी अभिमान!

चौथ्या दिवशी एका मेकॅनिकचा ठाण्यात फोन आला. "साहब, उस गाडी में पॅड मैंने डाले. उसमें एबीएस नहीं है. मैंने बोला था नरम पकड वाले लो, पर सेठ को सबसे कडक पकड वाले चाहिए थे."

बोलावून जबाब घेतला, तेव्हा त्याने समजावून सांगितले. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. जुन्या गाडीत ती सोय नसते. तिथे हळूहळू पकडणारे पॅड लावावेत, म्हणजे चाक जाम होण्याआधी पायाला अंदाज येतो. कडक पकडीचे पॅड ओल्या रस्त्यावर चाक एकदम जाम करतात, आणि मग गाडी वळतही नाही, थांबतही नाही.

निरीक्षकाला घेऊन त्याच रस्त्यावर, तसल्याच चिखलात, दुकानदार सांगत होता तशा बेताच्या वेगात ती गाडी चालवून पाहिली. ब्रेक दाबताच चाके थांबली, गाडी सरकत राहिली. उतरून मागे पाहिले. काळी रेघ नाही; चिखल तेवढा सारवल्यासारखा झाला होता. थोड्या वेळाने एक ट्रॅक्टर गेला आणि तेही पुसले गेले.

"पॅडचं आधी काऊन नाही सांगितलं?" मी दुकानदाराला विचारले.

"मागं एक वासरू चाकाखाली येता येता वाचलं जी. तवापासून भेव बसलं होतं. वाटलं, कडक पॅड असले तं कोनी मरनार नाही." तो रडायला लागला. "मेकॅनिक नको म्हनत होता. कोन्या तोंडानं सांगू?"

दोषारोपपत्रात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. गाडी वेगात नव्हती, ब्रेक दाबला होता. आणि मेकॅनिकने नको म्हणूनही त्याने नको ते पॅड घेतले होते. पुढचे काम न्यायालयाचे.

माझे एक काम उरले होते. केशोरीला जाऊन त्या नवऱ्याला म्हणालो, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यानं ब्रेक मारला होता."

"म्हंजे त्याले ती दिसली होती?"

"दिसली होती. वाचवायला त्यानं पूर्ण पाय दिला."

तो खाली बसला. "आठ दिवसापासून मी हेच सोचून राहिलो साहेब. डोक्यावर एवढी टोपली घेतलेली बाई, अन् कोनाले दिसली बी नाही काऊन?"

तपास पुरा होण्याआधी मयताच्या घरच्यांना मी पुन्हा कधी काही ठामपणे सांगितले नाही. 'अजून माहीत नाही' म्हणायला शिकलो. पण त्या माणसाला ते आठ दिवस त्या प्रश्नात मीच ढकलले होते.