बांधावर आपल्या घरचं माणूस

दादा, लग्न होऊन मी निघाले तेव्हा खाडीला भरती होती, म्हणून समुद्राकडच्या बांधावरून जावं लागलं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं भात. आबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होते. मागे न बघता म्हणाले, "बांध ओला आहे, पाय बघून टाक." निरोप म्हणून तेवढंच. तू त्याआधीच अंबरनाथला कंपनीत लागला होतास.

फोनवर मला बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. तुला देईन की नाही, माहीत नाही.

मी आता बदलापूरला, शिरगावात. आमच्या बिल्डिंगच्या जागीही पूर्वी भातच होतं म्हणतात. रोज उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. बोटांचा निळा रंग जात नाही. संध्याकाळी लिफ्ट बंद असली की जिन्यातच बसून राहावंसं वाटतं.

या पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. अशा वेळी आत शेत असलेल्या प्रत्येक घरातून एका माणसाला बांधावर यावं लागतं. जे घर येत नाही, त्याला पुढे बांधाच्या कामात कोणी धरत नाही. त्याचं शेत मग खाडीचंच. आईचा फोन आला, "सगल्यांची मानसं आली. आपलं कोन? मीच जाऊ का टोपली घेऊन?" आबा आता नाहीत, आणि तिला धड उठता येत नाही.

तुला विचारलं तर तू म्हणालास, "सोड गं. तिवरं उगवतील तिथे, मग कायद्याने ती तोडताही येणार नाहीत. आपण काय परत जाणार आहोत?" तिवरं बांधाच्या बाहेर हवीतच, लाटा तीच अडवतात. पण आत आली की भात संपलं. हे मी तुला म्हटलं नाही. सुट्टी मागितली. सेठ म्हणाला, "मिट्टी डालने जाओगी? इधर माल कौन देगा, मौसी?"

तरी मी गावी गेले. ओहोटीला सगळे खांडीवर जमले होते. माणसं लावणाऱ्या महादूकाकांनी आबांचं नाव घेऊन विचारलं, "दामूच्या घरचा कोण?"

मी खाली मान घालून म्हटलं, "मी."

"तू तर बदलापूरची. लेक दिली की त्या घरची. तुला कशी धरू?"

मला वाटलं, निघून जावं. तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकू ओरडल्या, "बदलापूरची असली म्हणून बदलापूरचा चिखल आणलाय का तिने? उभी कर तिला!"

सगळे हसले. मी रांगेत शिरले.

चिखलाची ढेकळं हातातून हातात जात होती. भरती चढायच्या आत खांड बुजवायची होती. पाणी गुडघ्याला लागलं, खांदे उचलेनात, तेव्हा कुठे ती बुजली. महादूकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "दामूचं घर आलं."

यंदा भात नाही. खार धुऊन जायला आणखी पावसाळे लागतील, आणि तोवर बांध पुन्हा फुटेल. शिरगावात मला बरं वाटतं. नळाला पाणी येतं, मुलीची शाळा जवळ आहे. पण इथे आपल्या घरचं माणूस कोणी मागत नाही. तिथे अजून मागतात. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.

मी फार दमले आहे, दादा. पुढच्या वेळी तू जा.