सासूबाईंची पाठ

आमच्या घरात कुणाच्या अंगावर काही उठलं, की ते मला दाखवायचं असा रिवाज होता. मुलाच्या मांडीवरचं गजकर्ण मी कडेवरून ओळखलं होतं: कड लाल, उठलेली, मधला भाग साफ. नवऱ्याच्या पित्ताच्या गांधी काही वेळात जागा बदलतात, घामोळं एकाच बाजूला उठत नाही, हेही मला ठाऊक.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंची पाठ डावीकडून दुखू लागली. आग होते म्हणाल्या. कर्वेनगरात त्या आमच्याकडेच राहतात. त्यांच्या गोळ्या, तपासण्या, सगळं मी बघते. "पाठ बघू का, आई?" मी विचारलं. "चमक भरलीय गं," म्हणून त्यांनी पदर घट्ट केला. मी शेकायची पिशवी दिली.

रविवारी धाकटी जाऊ मांजरी गावाहून आली. आली की ती त्यांच्या पाठीला तेल लावते. दार लोटून दोघी बसतात, हसतात. मी बाहेर पोळ्या लाटते. त्या दिवशी मात्र लगेच हाक आली, "ताई, इकडे या."

पाठीवर गेरू फासलेला होता. जावेने तो ओल्या फडक्याने टिपला होता. खाली लाल चट्ट्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड, झुपक्याझुपक्याने, मणक्यापासून डाव्या कुशीपर्यंत. उजवीकडे एकही नाही.

"नागीण ना, ताई?"

नागीणच. मला दिसली असती तर मीही ओळखली असती.

"गेरू कुणी लावला?"

"शेजारच्या वहिनींनी," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे शेजारणीलाही दाखवून झाली होती.

"आणि मला का नाही?"

"तू लगेच डॉक्टरकडे नेलं असतंस."

"आता ही काय करणार आहे?"

"ही आधी तेल लावते. मग बोलते."

मग जावेचा हात धरून त्यांनी हळूच विचारलं, "नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातं म्हणतात, खरं का गं?"

"छे हो, आई. एकाच बाजूला राहते ही. मणकासुद्धा ओलांडला नाही बघा."

हे वाक्य माझं होतं. तिने ते माझ्यासमोर, माझ्याच घरात म्हटलं, आणि सासूबाईंचा चेहरा निवला.

रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो ते मला माहीत होतं. तासाभरात आम्ही तिथे होतो. वेळेत आणलंत, गोळ्यांचा उपयोग होईल, डॉक्टर म्हणाल्या. "धाकटीने ओळखलं," सासूबाईंनी न विचारता सांगितलं. रिक्षाचं भाडं मी दिलं.

खपल्या पडून गेल्यावर एका शनिवारी मी तेल कोमट केलं. शनिवारी, मुद्दाम, जाऊ यायच्या आदल्या दिवशी.

"आई, लावू?"

त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लाव. पण काही विचारू नकोस."

मी खांद्यापासून कमरेपर्यंत तेल लावत गेले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तिचा हात जरा जड पडतो हं."

मला फार बरं वाटलं.